वापरत्या कपड्यावरून बेतणे : प्रस्तावना

लहान मुलाच्या अंगात वर्ष-दीड वर्ष वावरलेला, धुऊन धुऊन मऊ पडलेला आणि आता आखूड होऊ लागलेला आवडता टॉप समोर ठेवून त्याच घाटाचा नवा टॉप शिवणे, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. घरोघरी हे काम इतके सर्रास चालत आले आहे की त्याला स्वतंत्र पद्धत मानावे, असे शिवणकामाच्या पाठ्यपुस्तकांना सहसा वाटलेले दिसत नाही. त्या पुस्तकांचा प्रारंभ मापांपासून होतो : अंगावरून छाती, कंबर, खांदा आणि उंची घ्यावयाची, त्या मापांचे ठरावीक हिस्से करून कागदावर आकृती काढावयाची आणि त्या आकृतीवरून कापड बेतावयाचे, म्हणजे मापाबरहुकूम कापावयाचे, असा त्यांचा क्रम असतो. महाराष्ट्रात शिवणाच्या वर्गांना गेलेल्यांच्या परिचयाची झारापकर पद्धतीही याच वाटेने, अंगाकडून आकृतीकडे, जाते. येथे वाट उलटी आहे. वापरलेल्या कपड्यावरून त्याची मूळ आकृती कागदावर परत मिळवावयाची, वापराने तिच्यात आलेले दोष काढून टाकावयाचे, मूल जितके वाढले असेल त्या प्रमाणात ती वाढवावयाची आणि मगच नव्या कापडाला कात्री लावावयाची. मापे याही पद्धतीत लागतात, मात्र ती शेवटी, पडताळ्यासाठी.

शिंप्याकडे 'मापाचा ब्लाउज' देण्याची जी रीत आपल्याकडे रूढ आहे, तिच्याशी या पद्धतीचे साम्य दिसत असले तरी दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. मापाचा कपडा हाती आल्यावर शिंपी त्यावर टेप लावून उंची, छाती, बाही आणि मुंढा, म्हणजे बाही जोडण्यासाठी कापलेल्या गोलाईचा घेर, हे आकडे वहीत उतरवतो आणि कपडा बाजूला ठेवून आकृती मात्र स्वतःच्या हाताच्या सवयीने काढतो. आकडा सारखा राहतो, पण घाट बदलतो. ११ इंचांचा मुंढा उथळ आणि लांबट असू शकतो, तसाच तो काखेपाशी खोल वळलेलाही असू शकतो. दोन्हींचा घेर टेपवर एकच भरेल, आणि तरीही एकात मूल झाडावर चढेल तर दुसऱ्यात हात वर करताच टॉप पोटावरून वर सरकेल. बेतलेल्या कपड्याचा गुण पुष्कळदा अशा वक्ररेषांत असतो आणि वक्ररेषा आकड्यांच्या यादीत मावत नाहीत. म्हणून कपड्यावरून कपडा बेतताना आकड्यांच्या जोडीने रेषाही उचलावी लागते, आणि ती कशी उचलावी हाच या पुस्तकाचा मुख्य प्रश्न आहे.

पोशाखाच्या इतिहासात हा उलटा मार्ग सुलट्या मार्गाहून जुना असावा, असे मानण्यास जागा आहे. टोरंटो येथील रॉयल ओंटारिओ म्युझियममधील अभ्यासक डॉरोथी बर्नहॅम यांनी 'कट माय कोट' या १९७३ मधील छोटेखानी पुस्तकात असे दाखवून दिले की जगभरातील अनेक पारंपरिक कपड्यांचा घाट अंगाच्या वळणांपेक्षा मागावरील कापडाच्या रुंदीने, म्हणजे पन्ह्याने, ठरलेला आहे. कापड वाया जाऊ नये म्हणून ते सरळ पट्ट्यांत आणि चौकोनांत कापले जाई. आपल्याकडील तान्ह्या बाळाचे झबले याच जातीचे आहे : दोन-तीन सरळ तुकडे, मागे बांधायला बंद, आणि गोलाई असलीच तर ती गळ्यापुरती. अशा कपड्याची नक्कल करायला वितीचे मापही पुरते. अंगाबरोबर वळणारे कपडे आले, मुंढा आणि बाहीची टोपी, म्हणजे बाहीचा वरचा उंचवटा, आली, तेव्हा मात्र रेषा जतन करण्याची गरज निर्माण झाली. ह्वान दे अल्सेगा या स्पॅनिश शिंप्याचे १५८० मध्ये माद्रिद येथे छापले गेलेले पुस्तक हे बेतण्याच्या आकृत्या देणारे अगदी आरंभीचे छापील पुस्तक समजले जाते. परंतु त्यातील आकृत्यांचा भर कापडाच्या पन्ह्यात तुकडे कसे बसवावेत यावर आहे. इंचांच्या खुणा असलेला टेप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ होईपर्यंत युरोपातील शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची एकेक पट्टी राखीत आणि तिच्या कडेला खाचा पाडून त्याची मापे नोंदवीत. घरी शिवणाऱ्या बायकांना हेही साधन नसे. जीर्ण कपडा उसवून त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवणे हाच त्यांचा नमुना होता.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये निरनिराळ्या आकारांत कापलेले कागदी नमुने विक्रीस आणले तेव्हा ही स्थिती पालटू लागली. त्याच्या आरंभीच्या नमुन्यांत मुलग्यांचे कपडे होते, ही गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे, कारण वाढत्या मुलासाठी आज आणि वर्षाने वेगळ्या आकाराचा तोच नमुना लागतो ही अडचण घरोघरची होती. महाराष्ट्रात मात्र पाकिटातला छापील नमुना विकत आणून शिवण्याची सवय फारशी रुजली नाही. गल्लीत शिंपी होता. ज्यांना स्वतः शिवावयाचे होते त्यांच्यासाठी वर्ग होते, आणि १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण हे स्त्रियांना चार पैसे मिळवून देणारे कौशल्य म्हणून शिकवले. वर्गात आकृती काढायला शिकलेली बाई घरी आल्यावर मात्र बहुधा जुने पोलके किंवा फ्रॉकच कागदावर ठेवून पेन्सिल फिरवी. शास्त्र वर्गात आणि नक्कल घरात अशी ही विभागणी झाल्यामुळे नकलेला कमीपणा आला. तो कितपत रास्त आहे हे पाहायचे असेल तर इंग्लंडमधील जॅनेट आर्नल्ड यांच्या 'पॅटर्न्स ऑफ फॅशन' या ग्रंथमालेकडे पाहावे. तिचा पहिला खंड १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालयांतील शेकडो वर्षांपूर्वीच्या कपड्यांचे टाके न उसवता, टेप आणि आलेखाच्या कागदाच्या साहाय्याने, त्यांचे नमुने एका इंचाला एक अष्टमांश इंच या प्रमाणात रेखून त्यांनी पोशाखाच्या इतिहासाला कपड्यांचाच पुरावा मिळवून दिला. हात तोच आहे. एकीकडे त्याला संशोधन म्हटले जाते आणि दुसरीकडे काटकसर.

या पद्धतीचे समर्थन केवळ सोयीच्या आधारावर करणे पुरेसे नाही. अंगावरून घेतलेले माप हे स्थिर उभ्या देहाचे माप असते, आणि लहान मूल स्थिर उभे राहत नाही. टेप छातीभोवती येताच ते श्वास ओढून धरते किंवा गुदगुल्यांनी वाकते. समजा ते उभे राहिलेच, तरी त्या मापात वाकणे, लोंबकळणे, मांडी घालून बसणे आणि झोपेत कुशीवर वळणे यांचा हिशेब नसतो. तो हिशेब आकृती काढणाऱ्याने 'सैलपणा' या नावाने, म्हणजे अंगाच्या मापात मिळवलेल्या जादा कापडाच्या रूपाने, अंदाजाने धरायचा असतो. वर्षभर आवडीने घातलेल्या कपड्यात हा अंदाज वापराने तपासून झालेला असतो. तयार कपड्यांच्या आकार-क्रमांकांवर विसंबावे, तर त्यांचाही आधार डळमळीत आहे. युरोपातील मुलांच्या कपड्यांवर ९२, ९८, १०४, ११० असे जे आकडे असतात ते सेंटिमीटरमधील उंचीचे असतात आणि ६ सेंटिमीटरच्या टप्प्याने चढतात, म्हणजे त्यांना निदान देहाचा आधार तरी आहे. आपल्या बाजारातील १८, २०, २२ हे इंचांच्या परंपरेतून आलेले क्रमांक एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेले की बदलतात. भारतीयांच्या अंगमापांचे राष्ट्रीय सर्वेक्षण म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतलेला 'इंडियासाइझ' प्रकल्प १५ ते ६५ या वयोगटापुरता आखला गेला. चार वर्षांचे मूल त्याच्या कक्षेबाहेरच राहते. अशा स्थितीत त्याच मुलाच्या अंगाला मानवलेला एक टॉप हा कोणत्याही कोष्टकापेक्षा भरवशाचा आहे.

मुलाचा कपडा म्हणजे मोठ्यांच्या कपड्याची लहान प्रत, ही समजूत या कामात सर्वांत आधी सोडावी लागते. जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो, वर्षाच्या शेवटी तो ४६ च्या आसपास जातो आणि चार-पाच वर्षांच्या वयात ५० च्या जवळ येतो. त्याच वयात मानेचा घेर मात्र जेमतेम २६-२७ सेंटिमीटर असतो. मानेला शोभणारा गळा डोक्यातून जात नाही आणि डोक्यातून जाणारा गळा खांद्यावरून घसरतो. या पेचावर शिवणकामाने अनेक उपाय काढले आहेत : पाठीला चीर देऊन तिला पट्टी व बटण लावणे, एका खांद्यावर टिचबटणे बसवणे, किंवा तान्ह्यांच्या बनियनांत असते त्याप्रमाणे पुढचा व मागचा खांदा एकमेकांवर चढवून गळा दोन्ही बाजूंना उघडेल अशी सोय करणे. आवडत्या टॉपमध्ये यांपैकी कोणता उपाय योजला आहे हे प्रथम शोधावे, कारण अनेक फसलेल्या नकलांचे मूळ येथे असते. विणीच्या कापडाचा, म्हणजे आपण ज्याला होजिअरी म्हणतो त्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा गळा टेबलावर ४० सेंटिमीटर भरतो आणि डोक्यातून जाताना ५० च्या पुढे ताणला जातो. तोच गळा पॉपलिनमध्ये उतरवला की टॉप शिवून तयार होतो आणि घालता मात्र येत नाही.

पोटाचीही गोष्ट अशीच आहे. पाच वर्षांखालील मुलाचे पोट पुढे असते आणि पाठीला खोलगट बाक असतो, त्यामुळे पुढचा भाग मागच्या भागाच्या लांबीचाच ठेवला तर घातल्यावर टॉपचा घेर पुढून उचललेला दिसतो. चांगल्या बेताच्या टॉपमध्ये पुढच्या घेराला मध्यभागी बारीकसा उतार असतो. तो इतका सूक्ष्म असतो की नक्कल करणारा त्याला कापणाऱ्याची चूक समजून सरळ करून टाकतो. मुंढ्याची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा थोडी अधिक कोरलेली असते, कारण हात पुढे येतात, मागे फारसे जात नाहीत. आणि पुढचा गळा मागच्यापेक्षा खोल असतो, कारण मान खांद्यांतून किंचित पुढे झुकून वर येते. बाहीच्या टोपीकडे विशेष लक्ष द्यावे. टोपी उंच असेल तर हात खाली असताना बाही नीटस दिसते पण हात वर करताना अडते. टोपी बसकी असेल तर काखेत थोड्या चुण्या दिसतात पण हात मोकळा राहतो. मुलाला एखादाच टॉप का प्रिय असतो याची कारणे मोठी माणसे रंगात आणि चित्रात शोधतात. ती पुष्कळदा बसक्या टोपीत आणि काखेच्या बरोबर खाली संपणाऱ्या, फार न लोंबणाऱ्या मुंढ्यात सापडतात. फोटोत छान दिसणारा आणि पुन्हा कधी न घातला जाणारा कपडा प्रत्येक घरात असतो, हे वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

वापरलेला कपडा विश्वासार्ह साक्षीदार असला तरी त्याची साक्ष जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. सुती कापड मागावर उभ्या दिशेने ताणून विणलेले असते, त्यामुळे धुण्यात ते रुंदीपेक्षा लांबीत अधिक आटते. आखूड झालेल्या टॉपमध्ये म्हणून मुलाच्या वाढीबरोबर कापडाच्या आटण्याचाही वाटा असतो आणि दोन्हींचा हिशेब वेगळा करावा लागतो. गळ्याची कड रोजच्या ओढाताणीने सैल पडते, आणि बाहीचे मनगट ओढण्याची सवय असेल तर तेही रुंदावते. विणीच्या स्वस्त कापडात सुताला दिलेल्या पिळामुळे धुतल्यावर अख्खा टॉप हळूहळू फिरतो आणि कुशीची शिवण पोटावर येऊन बसते. अशा टॉपची बाह्य रेषा जशीच्या तशी उतरवली तर ते वाकडेपण नव्या टॉपमध्ये मुळापासूनच येईल. यावर उपाय असा की कपड्याच्या निरनिराळ्या जागांना निरनिराळे वजन द्यावे. जेथे दोन शिवणी किंवा पट्टी कापडाला धरून ठेवतात, उदाहरणार्थ खांदा, योक म्हणजे छातीवरचा जोड-तुकडा, आणि बटणपट्टी, तेथील मापे फारशी बिघडत नाहीत. मोकळ्या कडांवर भरवसा कमी ठेवावा. डावी व उजवी बाजू मोजून पाहिली तर कोणती ताणली गेली आहे ते कळते. आणि शिवणीच्या आत दडलेली माया, म्हणजे टिपेच्या पलीकडे सोडलेले जादा कापड, ही सर्वांत प्रामाणिक जागा आहे. तेथे उन्हाने रंग उडालेला नसतो, घासून धागा विरलेला नसतो, आणि कधी कधी पूर्वी कोणी टॉप उसवून वाढवला असेल तर जुन्या टिपेची भोके अजून दिसतात.

हाच न्याय खुणांनाही लावावा. काखेखाली विरलेले कापड असे सांगते की तेथे सैलपणा कमी होता. कोपरावरचा फुगवटा बाहीची लांबी कळवतो. मानेमागे लेबल कापून टाकलेले असेल आणि तरीही त्या जागी कापड खरवडलेले असेल तर नव्या टॉपला तेथे मऊ पट्टी हवी. नक्कल करावयाची ती कपड्याच्या बेताची. त्याच्या झिजेवरून बेत सुधारावयाचा असतो. वस्तुतः झिजलेला कपडा हा कोऱ्या कपड्यापेक्षा चांगला नमुना ठरतो, कारण कोऱ्या कपड्यातील चुका अद्याप उघड झालेल्या नसतात.

प्रत्यक्ष आकृती उचलण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, टाका न उसवता. दुसरा, सर्व शिवणी उसवून. मुलाचा जीव ज्या टॉपमध्ये अडकला आहे तो उसवणे म्हणजे घरात रडारड ओढवून घेणे, म्हणून या पुस्तकात पहिल्या मार्गाला प्राधान्य आहे. टॉप धुऊन, हलक्या हाताने इस्त्री करून, खांद्याला खांदा आणि कुशीला कूस जुळवून मधोमध घडी घातली जाते आणि त्या घडीवर टाचण्यांनी किंवा कच्च्या दोऱ्याने पुढचा मध्य व मागचा मध्य दाखवणाऱ्या रेषा घातल्या जातात. टेबलावर जाड सतरंजी किंवा थर्माकोलचा तक्ता, त्यावर खाकी कागद आणि त्यावर अर्ध्यात दुमडलेला टॉप अशी मांडणी करून शिवणीच्या बरोबर रेषेत टाचणी उभी टोचत गेले की कागदावर ठिपक्यांची रांग उमटते. सरळ जागी ठिपके बोटाच्या अंतराने पुरतात, गळ्याच्या आणि मुंढ्याच्या वळणावर ते जवळ जवळ हवेत. टॉप उचलल्यावर ठिपके पेन्सिलीने जोडावयाचे; वळणासाठी फ्रेंच कर्व्ह ही वक्र पट्टी नसल्यास स्टीलच्या ताटलीची कड चालते. या साऱ्या क्रियेत धाग्याच्या दिशेचे भान सुटता कामा नये. मागावरच्या कापडात ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे धागे असतात. टॉपच्या मध्यरेषेवर ताणा सरळ खाली येतो की नाही हे भिंगाने किंवा उजेडासमोर धरून पाहावे आणि ती दिशा कागदावर बाणाने दाखवावी. ही खूण राहून गेली तर पुढे तुकडा कापडावर किंचित तिरका ठेवला जातो, आणि तिरक्या धाग्यावर, म्हणजे उरेबात, कापलेला टॉप पहिल्याच धुण्यात लोंबतो.

शिवलेला कपडा कागदावर एकाच वेळी पूर्ण सपाट होत नाही, आणि नवशिक्याची गफलत येथेच होते. बाही सपाट केली की खांदा उचलला जातो. खांदा दाबला की बाहीला घडी पडते. म्हणून एका वेळी एकच तुकडा सपाट करून टाचावा, त्याच्या शिवणी टोचून घ्याव्यात, मग टॉप सरकवून पुढचा तुकडा घ्यावा आणि उरलेला कपडा कसा गोळा होतो याची चिंता करू नये. चुण्यांचा भाग, म्हणजे टाके ओढून आवळलेले कापड, टोचून कधीच मिळत नाही. छातीवरच्या योकखाली चुण्या घेतलेला घेर असेल तर खालच्या कडेला ते कापड उलगडलेलेच असते. तुकडा सरळ चौकोनी असेल तर खालच्या कडेची रुंदी हीच वरच्या कडेची आवळण्यापूर्वीची रुंदी होय. कुशीच्या शिवणी खाली पसरत गेल्या असतील तर एक दोरा चुण्यांच्या प्रत्येक घडीत आत-बाहेर बसवत नेऊन मोजावा लागतो. मुलांच्या सुती टॉपमध्ये आवळलेल्या जागेच्या दीडपट ते दुप्पट कापड बहुधा आढळते. जाड कापडात त्याहून कमी हवे, नाहीतर छातीवर गठ्ठा होतो.

कागदावर मिळालेल्या रेषा लगेच कात्रीला देऊ नयेत. पुढचा आणि मागचा खांदा लांबीत जुळला पाहिजे, दोन्ही कुशी जुळल्या पाहिजेत आणि गळ्याची रेषा मध्यघडीला काटकोनातच मिळाली पाहिजे. नाहीतर घडी उलगडल्यावर गळ्याच्या मध्यावर टोक किंवा खाच दिसते. बाहीच्या टोपीची कड मुंढ्याच्या कडेशी मोजून पाहावी. मुलांच्या टॉपमध्ये ती मुंढ्याएवढी किंवा किंचितच जास्त असते. त्याहून मोठा फरक निघाला तर टोचताना कापड ताणले गेले असे समजावे.

दुसऱ्या मार्गाविषयी थोडक्यात एवढेच की कपडा खरोखरच संपला असेल तर उसवून मिळणारी आकृती अधिक अचूक असते, मात्र गळा आणि मुंढा यांच्या तिरक्या कडा उसवताच ताणल्या जातात. त्या इस्त्री न सरकवता, वरून दाबून बसवाव्या लागतात.

आकृती हाती आल्यावर वाढीचा प्रश्न येतो. आपल्याकडे यावर 'वाढत्या अंगाचे' कपडे हा जुना तोडगा आहे. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांच्यात गल्लत करू नये. परकराच्या घेराजवळ टक्स, म्हणजे आडव्या दुमडी, घालून दर वर्षी एकेक सोडत जाणे हा विचारपूर्वक केलेला बेत आहे. अख्खा कपडाच दोन वर्षे पुढचा शिवून मुलाला त्यात हरवून टाकणे हा मात्र आळस आहे. असा कपडा अंगाला येईपर्यंत विटतो आणि येतो तेव्हा टाकण्याजोगा झालेला असतो. दोन वर्षांनंतर पौगंडापर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर उंच होते, पण त्या मानाने रुंदीत फार थोडे भरते. उंचीच्या ६ सेंटिमीटरमागे टॉपची लांबी सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर आणि पूर्ण बाही दोन-अडीच सेंटिमीटर वाढवली तर पुरते, आणि छातीच्या संपूर्ण घेरात दोन सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्यावर काढलेल्या पुढच्या आणि मागच्या तुकड्यात प्रत्येकी अर्धा सेंटिमीटर. सर्व बाजूंनी सारखी पट्टी वाढवण्याची जी सोपी युक्ती सर्रास वापरली जाते, ती गळा आणि मुंढा बिघडवते : बाहेरून पट्टी मिळवली की खांदा अकारण रुंद होतो आणि मुंढा लांबट होतो. लांबी वाढवायची ती काखेखाली आकृती आडवी कापून, दोन भागांत अंतर ठेवून. असे केले तर घेराचा उतार आणि गळ्याचे वळण जागच्या जागी राहते. त्यानंतर कुशीला अर्धा ते पाऊण इंच, गळ्याला पाव इंच आणि खालच्या दुमडीला एक ते दीड इंच माया धरावी. खालची दुमड जरा उदार ठेवली तर पुढच्या वर्षी ती उसवून सोडता येते.

नव्या कापडाच्या निवडीत एकच नियम ठाम आहे : विणीच्या कापडाची नक्कल विणीच्याच कापडात आणि मागाच्या कापडाची मागाच्याच कापडात करावी. विणीचे कापड धाग्याच्या फासांनी बनते आणि फास उघडून ते ताणले जाते, त्यामुळे अंगाच्या मापाएवढाच किंवा त्याहूनही किंचित लहान टॉप त्यात चालतो; मागाच्या कापडाला मात्र लहान मुलाच्या छातीच्या मापावर आठ-दहा सेंटिमीटरचा सैलपणा लागतो. अदलाबदल करावयाचीच असेल तर ती नक्कल उरत नाही, नवा बेत होतो. सुती कापड कापण्यापूर्वी रात्रभर भिजवून वाळवणे हे आपल्याकडे शिंपीही सांगतात आणि घाईत कोणी ऐकत नाही. मुलाच्या टॉपमध्ये शेकडा ४-५ इतके आटणे म्हणजे सारी वाढ पहिल्या धुण्यातच गमावणे होय.

राहता राहिला मऊपणा, आणि त्याची नक्कल कागदावर होत नाही. नव्या पॉपलिनला खळ असते, ती दोन-तीन धुण्यांत जाते, पण वर्षभराच्या वापराने आलेली मृदुता विकत मिळत नाही. जे मूल खरखरीत शिवणीला किंवा ताठ कापडाला वैतागते, त्याला घाट तोच असूनही नवा टॉप परका वाटतो. यावरचा इलाज आपल्या घरांत फार पूर्वीपासून आहे : तान्ह्या बाळाची दुपटी आणि पहिली झबली जुन्या सुती लुगड्यांची आणि धोतरांची करण्याची रीत याच अनुभवातून आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कापडावर रेशनिंग असताना, ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये 'मेक डू अँड मेंड' ही पुस्तिका काढून मोठ्यांच्या जुन्या कपड्यांतून मुलांचे कपडे कसे काढावेत हे नागरिकांना शिकवले. तेथे ती टंचाईची गरज होती, येथे ती मऊपणासाठी आहे. बापाच्या वापरलेल्या सुती सदऱ्याच्या पाठीत चार वर्षांच्या मुलाच्या टॉपचा पुढचा भाग सहज निघतो, बाह्यांतून बाह्या निघतात, आणि पुढची बटणपट्टी उलटी फिरवून पाठीवर घेतली तर डोक्याचा पेचही आपोआप सुटतो.

यंत्राविषयी या पुस्तकात फारसे लिहिलेले नाही, कारण पायाच्या साध्या मशिनवरही हे सारे काम होते; विणीच्या कापडासाठी गोल टोकाची सुई आणि ताणल्यावर न तुटणारी नागमोडी टीप मिळाली म्हणजे पुरे. ज्यांच्याकडे फक्त सुई-दोरा आहे त्यांनीही मागे हटण्याचे कारण नाही.

वाचकांना विनंती एवढीच आहे की पहिला टॉप चांगल्या कापडाचा शिवू नये. जुन्या चादरीचा एक कच्चा टॉप धावदोऱ्याने जोडून मुलाच्या अंगात घालावा, त्याला हात वर करायला, वाकायला आणि मांडी घालायला सांगावे, आणि जेथे ओढ बसेल तेथे कागदावर दुरुस्ती करावी. कागदाच्या प्रत्येक तुकड्यावर मुलाचे वय, उंची, तारीख, धाग्याची दिशा आणि माया धरली आहे की नाही हे शाईने लिहून ठेवावे, कारण सहा महिन्यांनी यातले काहीही आठवत नाही. आणि नवा टॉप दोनदा धुऊन पुन्हा अंगात घालून पाहिल्याशिवाय मूळ टॉप फरशी पुसायला काढू नये.